जपानमधील शाळेत शिक्षक म्हणून रुजू होताना: पहिल्या पंधरवड्यापासून सुट्टीतल्या भटकंतीपर्यंत

जपानच्या सरकारी शाळांमध्ये परदेशी भाषाशिक्षक नेमण्याची पद्धत 1987 साली सुरू झालेल्या ‘जेट’ या सरकारी योजनेमुळे रूढ झाली. आज या योजनेशिवाय नगरपालिकांची शिक्षण मंडळे थेट नेमणुका करतात आणि खासगी कंपन्याही शिक्षक पुरवतात. भारतातून जाणाऱ्यांची संख्या अजून मर्यादित असली, तरी हा मार्ग आपल्याला अनोळखी राहिलेला नाही. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहात निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातील एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापकही झाले. पुढील माहिती मुख्यतः साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून प्रथमच जपानला निघालेल्यांसाठी लिहिली आहे. ती ज्या क्रमाने दिली आहे त्याच क्रमाने कामे उरकल्यास बराच मनस्ताप वाचतो, असा अनुभव आहे.

निघण्यापूर्वी

नेमणुकीच्या पत्राबरोबर आपला निवासाचा दर्जा कोणता आहे, हे नीट पाहून घ्यावे. सरकारी प्राथमिक, माध्यमिक किंवा उच्च माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्यांना बहुधा ‘शिक्षण’ हा दर्जा मिळतो, तर खासगी भाषावर्गात शिकवणाऱ्यांचा दर्जा वेगळा असतो. एका दर्जावर गेलेल्या माणसाने इमिग्रेशनची परवानगी न घेता संध्याकाळी दुसरीकडे शिकवण्या घेणे हा नियमभंग ठरतो. ओळखीच्या कोणी ‘सगळेच करतात’ असे सांगितले, तरी त्या भरवशावर राहू नये.

औषधांच्या बाबतीत तर अतिशय सावध राहावे. आपल्याकडे सर्दीसाठी सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांमध्ये स्युडोएफेड्रिन असते आणि ते दहा टक्क्यांहून अधिक असलेली औषधे जपानमध्ये नेता येत नाहीत. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही बंधने आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्याची आणि दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी दोन महिन्यांची, एवढा साठा सर्वसाधारणपणे चालतो. त्याहून अधिक हवा असल्यास आगाऊ आयात-प्रमाणपत्र मागवावे लागते. खाण्याच्या पदार्थांत मांस घातलेले काहीही नेऊ नये. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ताही रोपसंरक्षणाच्या प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर अडवला जातो. गोडा मसाला, हळद आणि हिंग मात्र बंद पाकिटांतून खुशाल न्यावेत.

विजेची उपकरणे नेण्याचा मोह टाळावा. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची असल्यामुळे आपल्याकडचा 230 व्होल्टचा मिक्सर तेथे नुसता कुरकुरतो आणि त्याची पिन तर खोबणीत बसतच नाही. मिक्सर तिकडेच घ्यावा. त्याउलट प्रेशर कुकर अवश्य न्यावा, मात्र घरात गॅसची शेगडी आहे की इंडक्शनची, हे आधी विचारून त्यानुसार बुडाचा कुकर निवडावा. सोबत दोन जादा गॅस्केट आणि एक शिट्टी ठेवावी, कारण त्या तिथल्या बाजारात मिळणे कठीण.

पहिला पगार हाती यायला महिना किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. त्यातच भाड्याचे घर घेताना अनामत, हमीदार कंपनीचे शुल्क आणि काही ठिकाणी घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम असे खर्च एकदम अंगावर येतात. शाळेने राहण्याची सोय केलेली नसेल, तर दोन ते तीन लाख येन हाताशी असावेत.

पहिले चौदा दिवस

नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर उतरताच निवासपत्र हातात मिळते. हे कार्ड सतत जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ते पाकिटातच राहू द्यावे. राहण्याचे ठिकाण ठरल्यापासून चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा. कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता छापून मिळाला की बाकीची दारे एकेक उघडू लागतात, कारण त्याशिवाय बँक खाते देत नाही आणि खात्याशिवाय मोबाइलची जोडणी मिळवणे अवघड जाते. शाळेतील सहकारी बहुधा सोबत येतात, तरीही आपले नाव जपानी कताकाना लिपीत कसे लिहायचे हे आधीच पक्के ठरवून सगळीकडे तेच लिहावे. बँकेत ‘देशपांडे’ एका रीतीने आणि विमा कार्यालयात दुसऱ्या रीतीने लिहिले गेले, तर पुढे कित्येक अर्ज परत येतात.

याच नोंदणीनंतर माय नंबर हा बारा अंकी क्रमांक कळवला जातो. त्याचे कार्ड लवकर काढून घ्यावे, कारण 2024च्या डिसेंबरपासून आरोग्यविम्याची जुन्या पद्धतीची कार्डे नव्याने देणे बंद झाले असून दवाखान्यात आता हेच कार्ड वापरले जाते. विमा असल्यावर उपचारांच्या खर्चाचा तीस टक्के भाग आपण भरायचा असतो. पोलिसांसाठी 110 आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशामक दलासाठी 119 हे क्रमांक ध्यानात ठेवावेत. त्याच कचेरीत आपल्या भागाचा आपत्ती-नकाशा मागून घ्यावा. भूकंप झाल्यास जवळची मोकळी जागा कोणती, पूर आल्यास कोठे जायचे, हे त्यावर दाखवलेले असते आणि बऱ्याचदा ती जागा म्हणजे आपलीच शाळा असते.

घर, कचरा आणि ऋतू

वीज आणि पाणी एका फोनवर सुरू होते, परंतु गॅस जोडताना घरी कोणीतरी हजर असावेच लागते, तेव्हा घरात शिरण्याच्या दिवसाचीच वेळ ठरवून घ्यावी. अन्यथा पहिले दोन दिवस थंड पाण्याने अंघोळ करण्याची वेळ येते.

कचऱ्याचे नियम गावागणिक बदलतात. जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिक, पेट (पाण्या-सरबताच्या प्लॅस्टिकच्या) बाटल्या, डबे असे वर्गीकरण करून ठरलेल्या वारी, सकाळी आठच्या आत, ठरलेल्या जागीच तो ठेवायचा असतो. काही गावांत त्यासाठी पालिकेच्या छापील पिशव्या विकत घ्याव्या लागतात. बाटलीचे झाकण आणि वेष्टन प्लॅस्टिकमध्ये, बाटली स्वच्छ धुऊन वेगळ्या जाळीत, अशी बारीक शिस्त पाळली जाते. चुकीची पिशवी लाल चिठ्ठी चिकटवून तशीच सोडली जाते, आणि आळीतल्या सर्वांना ती कोणाची आहे हे बरोबर कळते. जुनी गादी किंवा खुर्ची टाकायची असेल, तर आधी फोन करून दिवस ठरवावा आणि दुकानातून शुल्काचा स्टिकर आणून तो वस्तूला लावावा.

जपानी घरे हिवाळ्यात फार थंड असतात, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगूनही खरे वाटत नाही. सगळे घर उबदार ठेवण्याची सोय क्वचितच असते. ज्या खोलीत बसायचे तेवढीच तापवतात. निगाता किंवा आओमोरीसारख्या हिमप्रदेशात नेमणूक असेल, तर रॉकेलची शेगडी आणि बर्फात न घसरणारे बूट या पहिल्या खरेदीत असावेत. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळी हवा असते. तेव्हा कपाटात बुरशी धरते, म्हणून दमट हवा शोषणारे डबे ठेवतात.

शाळेतला दिवस

दारातच बाहेरचे जोडे काढून शाळेतले बूट घालायचे असतात, म्हणून स्वच्छ, फरशीवर डाग न पाडणाऱ्या तळव्यांची एक जोडी सोबत न्यावी. मोठी मापे तिकडे सहज मिळत नाहीत. सकाळी शिक्षकखोलीत शिरताना मोठ्याने अभिवादन करावे आणि दिवसभरात काही अडचण आली तर आधी उपमुख्याध्यापकांना गाठावे. शाळेचा रोजचा कारभार प्रत्यक्षात तेच चालवतात. मुख्याध्यापकांकडे थेट जाणे उद्धटपणाचे मानले जात नसले, तरी त्यातून काम लांबते.

इंग्रजी आता प्राथमिक शाळेच्या तिसरीपासून उपक्रम म्हणून आणि पाचवी-सहावीत रीतसर विषय म्हणून शिकवले जाते. साहाय्यक शिक्षकाचे काम जपानी शिक्षकाच्या जोडीने वर्ग घेण्याचे असते. काही ठिकाणी हा जोडीदार सगळे नियोजन करून ठेवतो, तर काही ठिकाणी तास सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे ‘आज तुम्हीच काहीतरी खेळ घ्या’ असे सांगतो. त्यामुळे कोणत्याही इयत्तेला चालतील असे चार-पाच खेळ तयार ठेवलेले बरे. दुपारी मुले आणि शिक्षक मिळून वर्ग, जिने आणि स्वच्छतागृहे झाडतात. त्या वेळी आपणही फडके हातात घ्यावे. मुले मोकळेपणाने बोलतात ती याच पंधरा-वीस मिनिटांत.

शाकाहारी शिक्षकांसाठी शाळेचे जेवण हा खरा प्रश्न आहे. प्राथमिक आणि बहुतेक माध्यमिक शाळांत सर्वांना एकच ताट येते. भात किंवा पाव, रस्सा, एक तोंडीलावणे आणि दुधाची 200 मिलिलिटरची बाटली. वरवर भाजीचे दिसणारे सूपही माशाच्या पाण्यात शिजवलेले असते आणि करीच्या रस्श्यात प्राण्यांची चरबी असू शकते. म्हणून रुजू होण्यापूर्वीच, धार्मिक कारण की तब्येतीचे, हे न लपवता, आपण घरून डबा आणणार असल्याचे लेखी कळवावे. एकदा मान्यता मिळाली की कोणी पुन्हा विचारत नाही. मात्र जेवणाचे पैसे भरून रोज अर्धे ताट परत करणे तिथल्या लोकांना खटकते. दुकानातील पदार्थांवर ॲलर्जीची जी ओळ छापलेली असते, ती शाकाहाऱ्यांना पुरेशी नाही. त्यासाठी घटकपदार्थांची संपूर्ण यादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करून वाचावी लागते.

घरच्या स्वयंपाकाची चिंता मात्र फारशी नको. भेंडी, वांगी, पालक, कोबी आणि बिनसाखरेचे दही कोणत्याही गावात मिळते. तूरडाळ, कणीक आणि बासमती तांदूळ भारतीय दुकाने पार्सलने घरपोच पाठवतात. टोकियोत नेमणूक असेल, तर एदोगावातील निशी-कासाई या भागात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. उएनोच्या आमेयोको बाजारात आणि शिन-ओकुबोच्या गल्ल्यांमध्येही मसाले सुटे मिळतात. टोकियोत मराठी मंडळ आहे आणि तेथे गणेशोत्सवही होतो. गावाकडच्या शिक्षकांनी आपल्या रजा त्या हिशेबाने राखून ठेवायला हरकत नाही.

सुट्ट्यांचे गणित

शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. उन्हाळी सुट्टी साधारण 20 जुलैपासून ऑगस्टअखेरपर्यंत, हिवाळी सुट्टी नाताळापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि वसंताची सुट्टी मार्चच्या शेवटी असते. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर उन्हाळी सुट्टी आखूड आणि हिवाळी लांब असते. पण येथे नवखा शिक्षक हमखास फसतो, कारण या सुट्ट्या मुलांच्या असतात. शिक्षकाने, विशेषतः करारावर असलेल्याने, त्या दिवसांतही शाळेत येऊन बसावे किंवा आपली पगारी रजा खर्च करावी, अशी अपेक्षा असते. करारातील हे कलम सही करण्यापूर्वी वाचावे. कायद्यानुसार सहा महिने पूर्ण झाल्यावर किमान दहा दिवसांची पगारी रजा मिळते. अनेक शाळा याहून उदार असतात.

एप्रिलमध्ये शाळेचे वार्षिक कार्यक्रमपत्रक हाती येते. त्याचा फोटो काढून ठेवावा आणि वर्षभराच्या सहली त्यावरच आखाव्यात. क्रीडादिन किंवा सांस्कृतिक महोत्सव शनिवारी झाला, तर त्याच्या बदल्यात पुढच्या आठवड्यात एक दिवस रजा मिळते. माझ्या मते परदेशी शिक्षकाच्या सहलींसाठी हा सर्वांत उत्तम दिवस होय, कारण त्या दिवशी बाकीचा देश कामावर असतो. सोमवारी मात्र अनेक संग्रहालये बंद असतात, हे पाहून ठिकाण निवडावे.

याच्या नेमके उलट तीन काळ आहेत, ज्यांत प्रवास टाळलेला बरा: 29 एप्रिल ते 5 मे दरम्यानचा लागोपाठच्या सुट्ट्यांचा सुवर्ण सप्ताह, 13 ते 16 ऑगस्टच्या आसपासचा ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण आणि 29 डिसेंबर ते 3 जानेवारी. या दिवसांत निवासाचे दर वाढतात आणि टोकियो-ओसाका मार्गावरच्या ‘नोझोमी’ या बुलेट ट्रेनचे सर्व डबे आरक्षित असतात. आयत्या वेळी तिकीट न मिळाल्यास तास-दोन तास उभ्याने जावे लागते. सुट्टी याच काळात असेल, तर लांब न जाता आपल्याच प्रांतातली ठिकाणे पाहावीत. ओबोनमध्ये लहान गावांच्या देवळांच्या पटांगणात होणारे नाच पाहायला तिकीटही लागत नाही.

तिकिटे आणि गाड्या

पर्यटकांच्या माहितीत सर्वत्र आढळणारा जपान रेल पास निवासपत्र असलेल्या शिक्षकाला वापरता येत नाही, कारण तो अल्प मुदतीच्या पर्यटकांसाठीच आहे. भेटायला आलेल्या आई-वडिलांना तो घेता येतो. मात्र 2023च्या ऑक्टोबरपासून सात दिवसांच्या साध्या पासची किंमत 50,000 येन झाल्यामुळे एकदोन शहरेच पाहायची असल्यास तो परवडत नाही. शिक्षकासाठी खरा उपयोगाचा पास म्हणजे शाळेच्या सुट्ट्यांच्या काळात विकला जाणारा ‘सेइशुन 18’. वयाची अट नाही. सलग तीन दिवसांचा 10,000 आणि सलग पाच दिवसांचा 12,050 येन. त्यावर जेआरच्या (जपान रेल्वेच्या) साध्या आणि जलद गाड्यांनी देशभर हवे तितके फिरता येते, शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनने नाही. पूर्वी हे पाच दिवस सुटे वापरता येत किंवा मित्रांमध्ये वाटून घेता येत. ती सोय 2024च्या हिवाळ्यापासून गेली, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून राहू नये.

शहरात सुइका किंवा इकोका यांसारखे आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासाचे कार्ड पुरते, परंतु एका कंपनीच्या क्षेत्रात आत शिरून दुसऱ्या क्षेत्रात बाहेर पडता येत नाही. लांबच्या साध्या गाडीच्या प्रवासाला कागदी तिकीटच काढावे. खेड्यांकडे जाणाऱ्या एका डब्याच्या गाडीत तर चालकाखेरीज कोणीही कर्मचारी नसतो. मागच्या दाराने चढायचे, दाराशेजारच्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी ओढायची, चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर आपल्या क्रमांकाखाली भाडे वाढत जाताना पाहायचे आणि उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी व पैसे पेटीत टाकायचे. पेटी बाकीचे पैसे परत देत नाही. सुटे नसतील, तर शेजारच्या यंत्रात नोट मोडून घ्यावी, आणि तीही गाडी थांबलेली असताना.

स्वतःची गाडी चालवायची असल्यास भारतातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना पहिल्या वर्षापुरता चालतो. वाहने डावीकडूनच जात असल्याने आपल्याला ते सोपे वाटते. वर्षानंतर जपानी परवाना लागतो आणि त्यासाठी भारतीयांना लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. 2025च्या ऑक्टोबरपासून लेखी परीक्षा पन्नास प्रश्नांची झाली असून त्यांतील पंचेचाळीस बरोबर यावे लागतात, म्हणून तयारी सातव्या-आठव्या महिन्यातच सुरू करावी.

कोठे जावे

टोकियोच्या परिसरात असाल, तर आसाकुसाचे सेन्सोजी मंदिर पाहून तेथून चालत माचुचियामा शोदेन या लहान मंदिरात जावे. तेथे कांगितेन या रूपात आपल्या गणपतीचीच उपासना होते आणि नैवेद्य म्हणून पांढरा मुळा वाहतात. कामाकुरा एका दिवसात होते. निक्कोला मात्र पहाटे निघावे, आणि तेथील पानगळीचे रंग पाहायचे असतील तर ऑक्टोबर गाठावा.

कान्साईत, म्हणजे ओसाका-क्योटोच्या परिसरात असल्यास क्योटोपेक्षा आधी नारा पाहावे, असे मी सुचवीन. क्योटोची गर्दी आता शनिवार-रविवारी असह्य होते. नाराच्या तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी 752 साली भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूच्या हस्ते झाला होता. वर्गात भारताची ओळख करून देताना ही एक गोष्ट पुरते, कारण जपानी मुलांनी तो बुद्ध शाळेच्या सहलीत बहुधा पाहिलेला असतो. बाहेरच्या हरणांना खाऊ देताना पिशवीतले कागद सांभाळावेत.

उन्हाळी सुट्टीत आओमोरीचा नेबुता हा दिव्यांच्या चित्ररथांचा उत्सव 2 ते 7 ऑगस्ट आणि तोकुशिमाचा आवा ओदोरी हा नाचाचा उत्सव 12 ते 15 ऑगस्टला असतो. त्यांची निवासव्यवस्था कित्येक महिने आधी करावी. फुजी (3,776 मीटर) चढण्याचा हंगाम जुलैपासून सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंतचा. 2025पासून चारही वाटांवर 4,000 येन शुल्क आहे, आणि डोंगरावरच्या झोपडीत आरक्षण नसल्यास दुपारी दोननंतर चढू देत नाहीत. सह्याद्रीतल्या ट्रेकची सवय असली, तरी रात्री माथ्यावर ऑगस्टमध्येही गोठवणारी थंडी असते, तेव्हा लोकरीचे कपडे न्यावेत.

गरम झऱ्यांच्या स्नानगृहात विवस्त्र होऊन, आधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुऊन मगच कुंडात उतरतात. संकोच पहिल्या पाच मिनिटांपुरताच. अंगावर गोंदवलेले असल्यास प्रवेश मिळेल का, याची आधी चौकशी करावी.

मायदेशी जाताना आणि परतताना

सुट्टीत घरी निघताना विमानतळावर भरायच्या चिठ्ठीवर, एका वर्षाच्या आत परत येणार असल्याच्या चौकोनात खूण करावी आणि पासपोर्टबरोबर निवासपत्रही दाखवावे. ही खूण राहिली तर निवासाचा दर्जाच संपुष्टात येतो आणि सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. दुसऱ्या वर्षाच्या जूनपासून आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर स्थानिक निवासकर कापला जाऊ लागतो, त्यामुळे विमानाची तिकिटे काढताना तेव्हाचा हातात येणारा पगार कमी धरावा.

कोठेही जाऊन आले, तरी शिक्षकखोलीसाठी खाऊ आणण्याची रीत आहे, विशेषतः रजा घेऊन गेलेल्याने ती चुकवू नये. प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात असावा, संख्या माणसांपेक्षा चार-पाचने अधिक असावी आणि तो सकाळी प्रत्येकाच्या मेजावर ठेवावा किंवा चहाच्या जागी डबा ठेवून चिठ्ठी लावावी. महाराष्ट्रातून परतताना सुट्या वेष्टनातली चिक्की यासाठी सोयीची पडते, फक्त त्यात शेंगदाणे आहेत हे चिठ्ठीवर ठळक लिहावे आणि ती मुलांना वर्गात वाटू नये.